खोक्याला ओरखडाही नव्हता

पुण्याहून बेळगावला पाठवलेला माझा जुना टर्नटेबल पोचला, तेव्हा खोक्याला ओरखडाही नव्हता. विकत घेणाऱ्या काकांनी ‘माल सुस्थितीत मिळाला’ यावर सही केली आणि मग खोका उघडला. डस्ट कव्हरचे तुकडे, टोनआर्म वाकलेला, सुई गायब.

पहिला राग आला तो कुरिअरवर. पण वरची थाळी, म्हणजे प्लॅटर, मी काढलीच नव्हती. जड अ‍ॅल्युमिनियमची ती थाळी स्पिंडलवर नुसती टेकलेली असते. वाटेत खोका एकदा उपडा झाला की ती सुटते आणि आतल्या आत हातोडा चालवते. बाहेरून कितीही बबल रॅप गुंडाळा, हा घाव आतून बसतो.

आता मी थाळी काढून वेगळी गुंडाळतो आणि यंत्राच्या खाली ठेवतो, वर कधीच नाही. काउंटरवेट काढतो. हेडशेल सुईसकट काढून छोट्या डबीत ठेवतो. आर्म मऊ दोऱ्याने बांधतो, कव्हर बिजागरीतून सोडवतो. मग खोक्यात खोका, मध्ये चारही बाजूंनी दोन इंच थर्माकोल. वर्तमानपत्राचे बोळे नकोत, ते दाबले जातात आणि जागा मोकळी होते. खोका वाढला की भाडेही वाढते, कारण वजन आकारमानावरून धरतात: ६० × ५० × ३५ सेंटिमीटर भागिले ५००० म्हणजे २१ किलो, काटा बारा दाखवत असला तरी. ते पैसे आधीच किमतीत धरावेत. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर व्हॉल्व्ह काढून वेगळे बांधा.

काकांशी मी घासाघीस केली नाही. यंत्र परत मागवले, पैसे त्याच दिवशी पाठवले. भांडण माझे आणि कुरिअरचे. त्यात त्यांना कशाला गुंतवायचे? (बायकोचे मत वेगळे होते.)

कुरिअरने पाहणीसाठी मूळ खोका मागितला. तो काकांनी रद्दीवाल्याला देऊन टाकलेला. तेव्हापासून विकतानाच सांगतो: उघडताना व्हिडिओ घ्या, पावतीवर सही करताना ‘न तपासता स्वीकारले’ असे लिहा, आणि मी सांगेपर्यंत खोका, थर्माकोल, काही टाकू नका. माझ्याकडूनही यंत्र चालू असतानाचा व्हिडिओ आणि पॅकिंगच्या प्रत्येक थराचा फोटो असतो. तक्रार फोनवर नको, लेखी हवी. रस्त्याने गेलेल्या मालासाठी २००७ च्या कायद्यानुसार बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. पण इतके दिवस थांबू नका, त्याच दिवशी ईमेल करा.

माझा दावा मात्र खोक्यापाशी अडलाच नाही. बुकिंगच्या पावतीवर ‘ओनर्स रिस्क’च्या, म्हणजे नुकसानीची जबाबदारी पाठवणाऱ्याची असे सांगणाऱ्या, चौकटीत काउंटरवरच्या मुलाने खूण केली होती, आणि खाली सही माझी होती.