आबांचे टिकल्यांचे पिस्तूल



दिवाळीच्या झाडलोटीत आमच्या जुन्या लोखंडी पेटीत टिकल्यांचे एक पिस्तूल सापडले. ते आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे आहे. परभणीला दर फेब्रुवारीत तुराबुल हक्क दर्ग्याचा उरूस भरतो. तिथून आबांच्या वडिलांनी ते १९७२ साली आणले. आबा तेव्हा माझ्याएवढेच, दहा वर्षांचे होते.

हे पिस्तूल प्लॅस्टिकचे नाही, पत्र्याचे आहे. पत्र्याचे दोन तुकडे कडेला दुमडून एकमेकांत अडकवलेत. आत स्प्रिंग असते. चाप ओढला की घोडा मागे जातो आणि टिकलीवर जोरात आपटतो. टिकली म्हणजे लाल कागदाचा बारका गोल. त्याच्या मधोमध थोडीशीच दारू असते. गुरुजींनी सांगितले की, तिच्यात लाल फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट असते. घोडा आपटला की ते तापते, क्लोरेटमधून प्राणवायू सुटतो, फॉस्फरस एकदम पेटतो आणि ठो होते! काडीपेटीतही हीच दोन औषधे आहेत. पण क्लोरेट काडीच्या गुलात आणि फॉस्फरस पेटीच्या बाजूच्या पट्टीत. वेगवेगळी ठेवली म्हणून खिशातली काडीपेटी आपोआप पेटत नाही. मला ही युक्ती लई आवडली.

आबांना तेव्हा हे माहीत नव्हते. १९७२ ला पाऊस झालाच नाही. मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला. आबांची माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात मिलोची भाकर. टिकल्यांना पैसे कुठून येणार? मग दिवाळीच्या दिवशी आबांनी चुलीजवळची काडीपेटी घेतली आणि सगळ्या काड्यांचे गुल खरडून पिस्तुलात घातले. चाप ओढला तर नुसते टक. अर्धे औषध पट्टीवरच राहिले होते ना!

संध्याकाळी चूल पेटवायला एक काडी नव्हती. आबांना वाटले, आता मार बसणार. पण माय काहीच बोलली नाही. शेजारून विस्तव मागून आणला आणि भाकरी थापायला बसली. आबा म्हणले, "मारलं असतं तर बरं झालं असतं रे." मग त्यांनी पिस्तूल पेटीत टाकले ते टाकलेच.

गुल खरडायचे नाहीत, बोटे जातात, डोळे जातात, असे गुरुजींनी बजावले आहे. टिकल्याही खिशात सुट्या ठेवू नयेत.

यंदा बाबांनी सेलूच्या बाजारातून टिकल्यांची डबी आणली. स्प्रिंग गेली होती, म्हणून आबांनी सायकलच्या ट्यूबचे रबर लावले. पहिली टिकली फुसकी निघाली. दुसरीला असा आवाज झाला की आमचे कुत्रे गोठ्यात पळाले. आजी म्हणली, "कामून रे लेकराची डबी संपवता?" पण आबा काही उठले नाहीत. मला तीनच टिकल्या मिळाल्या.

पिस्तूल शनिवारपर्यंत वर्गात टेबलावर ठेवले आहे. सगळ्यांनी बघा, पण चाप ओढू नका. रबर कच्चे आहे.

— इयत्ता चौथी