संगणकातील ‘अपडेट’ आणि व्यापाऱ्याची खबरदारी

दुकानासाठी संगणक घेताना आपली व्यापारी मंडळी घासाघीस भरपूर करतात. कोणत्या कंपनीचा, मेमरी किती, प्रिंटर सोबत देणार काय, हे सर्व विचारले जाते. परंतु एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. या संगणकातील सॉफ्टवेअरमध्ये उद्या बदल करायचा झाला तर तो कोण करणार, कोणाला विचारून करणार आणि काही बिघडले तर पूर्ववत कोण करून देणार? लोखंडी कपाट एकदा घेतले की वीस वर्षे जागेवर उभे राहते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. कायदा बदलतो, कराचा दर बदलतो, एखादी चूक सापडते, आणि बनविणारी कंपनी नवा भाग पाठवून देते. यालाच ‘अपडेट’ म्हणतात. पडद्यावर विचारणा येते, काउंटरवरचा मुलगा ‘हो’चे बटण दाबतो आणि मालकाला पत्ताही नसतो. या लेखात एवढ्याच बाबीचा विचार करावयाचा आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारीच घडलेले आहे. सीवूड्स स्थानकावरून आता उरणची लोकल मिळते. खाडी ओलांडून गेले की त्याच मार्गावर न्हावा-शेवा स्थानक लागते. तेथील बंदरात २०१७ साली जे घडले ते आठवावे. त्या वर्षी ईदुल फित्र २६ जूनला झाली. १ जुलैपासून जीएसटी लागू होणार होता. कापडाच्या ताग्यावर तोवर व्हॅट नव्हता, त्यामुळे आम्हा कापडवाल्यांचे सारे लक्ष नव्या बिलांकडे लागले होते. नेमक्या त्याच दिवसांत, मंगळवार २७ जून रोजी, न्हावा-शेव्याच्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाकडून चालविले जात होते. क्रेन शाबूत होत्या, माणसेही हजर होती. पण कोणता कंटेनर कोणाचा, हेच ओळखता येईना. हाताने काम सुरू केले तेव्हा टर्मिनलची क्षमता एक तृतीयांशावर आल्याचे बंदराकडून सांगण्यात आले. काही जहाजे दुसऱ्या टर्मिनलकडे वळविण्याची वेळ आली.

हे संकट आले कोठून? युक्रेन देशात ‘एम. ई. डॉक’ नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे. आपल्याकडे टॅलीचे जे स्थान, साधारण तेच त्याचे तिकडे. कराची विवरणपत्रे भरण्यासाठी तेथील असंख्य कंपन्या ते वापरीत. ते बनविणाऱ्या कंपनीच्या ज्या संगणकावरून गिऱ्हाइकांना अपडेट जात असे, त्यातच हल्लेखोर शिरले आणि अपडेटच्या पोटात त्यांनी घातक प्रोग्रॅम घालून ठेवला. पुढे त्याला ‘नॉटपेट्या’ असे नाव पडले. मर्स्कच्या युक्रेनमधील कारभारात एका संगणकावर हे हिशेबाचे सॉफ्टवेअर घातलेले होते. तो एक संगणक कंपनीच्या जगभरच्या जाळ्याला जोडलेला होता, आणि मग युक्रेनपासून न्हावा-शेव्यापर्यंत काही अंतर उरलेच नाही. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती, पण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर झाल्याचा अंदाज कंपनीनेच दिला. अमेरिका व ब्रिटन या सरकारांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये या हल्ल्याची जबाबदारी रशियाच्या लष्करावर ठेवली. राजकारणाचा तो भाग आपण बाजूला ठेवू. आपल्या कामाचे त्यात दुसरेच काही आहे.

कोणत्या कर्मचाऱ्याला कोठवर प्रवेश आहे, याची मूळ नोंद ठेवणारे सुमारे दीडशे संगणक मर्स्ककडे जगभर होते. ते एकमेकांची नक्कल सतत आपल्याकडे उतरवून घेत. एक गेला तर दुसरा आहे, अशी ती तजवीज होती. पण जोडलेले असल्यामुळे ते सारे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातला. तेथे वीज गेल्यामुळे तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता! त्या एका प्रतीवरून पुढचा कारभार उभा राहिला. पुष्कळ दुकानदार सांगतात, “आमचा डेटा आपोआप दुसरीकडे जातो, बॅकअपची चिंता नाही.” त्यांनी घानाचा हा किस्सा ध्यानात घ्यावा. आपोआप होणारी नक्कल ही आरशासारखी असते. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. बॅकअप म्हणायचे ते अशा प्रतीला, जी काम झाल्यावर संगणकापासून काढून कपाटात ठेवली जाते. शिवाय महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून जुने एखादे बिल निघते काय, हे पाहावे. न उघडलेल्या गाठोड्यात तागा आहे की चिंध्या, हे सांगता येत नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग अपडेट घेऊच नये. तसेही नाही. नॉटपेट्या ज्या वाटांनी पसरला त्यांपैकी विंडोजमधील एका फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच पाठविली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांचे दार उघडे राहिले. मात्र पासवर्ड चोरून तो दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत होता, म्हणून दुकानातील सर्व संगणकांना एकच पासवर्ड ठेवणे धोक्याचे. तेव्हा अपडेटचे दोन प्रकार मानावेत. कुलूप दुरुस्त करणारे अपडेट विनाविलंब घ्यावे. बिले, दर, स्टॉक, अहवाल यांत बदल करणारे अपडेट आधी दुसऱ्या संगणकावर, हिशेबाच्या नकलेवर चालवून पाहावे. मागील महिन्याची दहा बिले त्यात पुन्हा काढावीत आणि जुन्या छापील बिलांशी ताडून पाहावीत. शिंपीदेखील महागाचे कापड कच्चे टाके घालून एकदा अंगावर चढवून पाहतो.

बनविणाऱ्याकडूनही हीच अपेक्षा असते. चांगल्या ठिकाणी सॉफ्टवेअर लिहिण्याची जागा वेगळी, तपासण्याची वेगळी आणि गिऱ्हाइकाच्या वापराची वेगळी ठेवतात. नवा भाग आधी थोड्यांना देतात, तेथे तो नीट चालला की मगच सर्वांना. हा नियम मोडला की काय होते ते १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक ही संगणकांचे रक्षण करणारीच कंपनी. तिने आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटा बदल एकदम सर्व गिऱ्हाइकांना पाठविला. साच्यात २१ रकाने धरले होते आणि प्रोग्रॅम प्रत्यक्षात २० रकान्यांचीच माहिती पुरवीत होता. एका रकान्याची ही चूक! ७८ मिनिटांत तो बदल मागे घेतला गेला, पण तेवढ्यात जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. येथे कोणी चोर नव्हता. तपासणी अपुरी होती आणि सर्वांना एकदम वाटप केले गेले, इतकेच.

आता आपल्या कापडाच्या धंद्याकडे येऊ. आपल्याकडे बदलाची खरी परीक्षा कराच्या दरात होते. कापड व तयार कपड्यांवरील ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून १२ टक्के होईल, अशी अधिसूचना नोव्हेंबर २०२१ मध्ये निघाली. देशभरातील व्यापाऱ्यांनी विरोध केला. अखेर जीएसटी परिषदेने ३१ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे अगदी आदल्या दिवशी, कापडावरील वाढ पुढे ढकलली. पादत्राणांवरील वाढ मात्र ठरल्याप्रमाणे लागू झाली. ज्या दुकानांत कापडही होते आणि चपलाही, त्यांची त्या रात्रीची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करावी.

अशा वेळी सॉफ्टवेअर कसे बनविले आहे हे उघडे पडते. काही सॉफ्टवेअरमध्ये दर हा मालाच्या नावापुढे एकदाच लिहिलेला असतो. बदलायचा तर जुना खोडून नवा लिहावा लागतो. दुसऱ्या प्रकारात दरासोबत ‘या तारखेपासून’ अशी नोंद असते, आणि बिलाची तारीख पाहून सॉफ्टवेअर स्वतः दर निवडते. पहिल्या प्रकारात शेकडो वस्तू पुन्हा हाताने बदलाव्या लागतात. दुसऱ्यात एक ओळ रद्द केली की काम भागते. सॉफ्टवेअर घेताना बनविणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारावा असे सुचवीन. याचे उत्तर त्याला देता आले नाही तर बाकीची रंगीत चित्रे पाहण्याची गरज नाही.

हे केवळ दर ढकलण्यापुरते नाही. तयार कपड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के दर लागू झाला. त्यापूर्वी १,००० रुपयांवरील कपड्यांना १२ टक्के होते. समजा, १,८०० रुपयांचा कुर्ता ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकला आणि गिऱ्हाइकाने तो ऑक्टोबरमध्ये परत केला. क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने, म्हणजे २१६ रुपये कर धरून काढावी लागते. दर खोडून लिहिणारे सॉफ्टवेअर ५ टक्के, म्हणजे ९० रुपये धरील. एका नगामागे १२६ रुपयांचा हा फरक घाऊक व्यापाऱ्याच्या शंभर नगांवर १२,६०० रुपयांचा होतो, आणि समोरच्या व्यापाऱ्याच्या कागदांशी आपले कागद जुळत नाहीत ते वेगळेच.

म्हणूनच प्रत्येक बदलाची नोंदवही असावी. साधी शंभर पानी वही चालेल. तारीख, कोणती आवृत्ती, काय बदलले, कोणी बदलले. आम्ही ताग्यावर रंगाच्या लॉटचा नंबर लिहून ठेवतो, कारण दोन लॉटचा निळा सारखा निघत नाही. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा नंबर तसाच समजावा. ज्यांचा धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाने आहे, त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहणे १ एप्रिल २०२३ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. मालकी हक्काच्या दुकानांना ही सक्ती नसली तरी सोय असल्यास ती चालू ठेवावी.

एक नाजूक गोष्टही लिहिणे भाग आहे. आपल्याकडे पुष्कळ दुकानांचे सॉफ्टवेअर घरातल्या किंवा ओळखीतल्या मुलाने बनवून दिलेले असते. काम स्वस्तात होते, मुलालाही अनुभव मिळतो. पण “भाचाच आहे, कागद कशाला?” असे म्हणून काहीच लिहून घेतले जात नाही. मुलगा हुशार असेल तर दोन वर्षांत त्याला पुण्यात किंवा दुबईत नोकरी लागणार, आणि ती लागावी अशीच आपली इच्छा असते. मग दर बदलला की दुकान त्याच्या सुट्टीची वाट पाहणार काय? म्हणून नाते कितीही जवळचे असो, सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला भाग, म्हणजे ‘सोर्स कोड’, याची प्रत दुकानात असावी. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या तिजोरीत असावा. सर्व हिशेब एक्सेलसारख्या साध्या तक्त्यात बाहेर काढता आला पाहिजे, आणि बदलाचा मोबदला किती तेही ठरलेले असावे. फुकट काम सांगितले की ते नेहमी शेवटी होते, आणि त्यात दोष त्या मुलाचा नसतो.

हिशेबाचे दस्तऐवज वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपण्याची जीएसटी कायद्याची अट आहे. सॉफ्टवेअर बदलले तरी जुन्याची उघडता येणारी प्रत तोवर ठेवावी लागेल.

राहता राहिला तो संगणक ठप्प होण्याचा दिवस. त्यासाठी एक छापील बिलबुक दुकानात तयार ठेवावे. जीएसटीच्या नियमांत बिलांच्या एकापेक्षा अधिक क्रममालिका ठेवण्यास मुभा आहे, फक्त आर्थिक वर्षात एकच क्रमांक दोनदा येता कामा नये. संगणकाची बिले एका अक्षराने सुरू होत असतील तर हातबिलांना दुसरे अक्षर द्यावे, आणि संगणक चालू झाल्यावर ती बिले त्याच क्रमांकांनी त्यात चढवावीत. ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेलेली आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला द्यावयाच्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे, त्यामुळे त्यांचे हातबिल किरकोळ गिऱ्हाइकापुरतेच चालेल. अशांनी आपल्या कर सल्लागाराशी बोलून, संगणक बंद असताना घाऊक माल कसा पाठवावयाचा हे आधीच ठरवून ठेवावे. ऐन रमजानच्या शेवटच्या आठवड्यात त्याला फोन लावला तर तो उचलीलच असे नाही.