शुगर असेल तर डोळ्याचा पडदाही तपासा



बाबासाहेबांना 1948 पासून मधुमेहाचा त्रास वाढला आणि शेवटच्या वर्षांत त्यांची नजरही अधू झाली. तरीही वाचन-लेखन थांबले नाही. आज मुदखेडच्या आपल्या वस्त्यांमध्ये शुगरची गोळी घेणारे अनेक आहेत. पण डोळ्याचा पडदा तपासून घेतलेले फार थोडे.

पडदा म्हणजे काय?
डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात. समोरच्या वस्तूची प्रतिमा त्यावर उमटते. मोतीबिंदू हा पुढच्या भिंगाचा आजार. भिंग बदलले की दिसते. पडदा मात्र बदलता येत नाही. म्हणून "मोतीबिंदू असेल, पिकल्यावर काढू" असे म्हणत बसू नका. पडदा खराब असेल, तर मोतीबिंदू काढूनही नीट दिसत नाही.

शुगर काय करते?
वाढलेली साखर पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत करते. त्यातून पाणी व रक्त झिरपते, पडद्याला सूज येते. पुढे नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो. सुरुवातीला दुखत नाही, दिसायलाही नीट दिसते. हाच खरा धोका आहे.

तपासणी कशी होते?
डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि पडदा पाहतात. काही तास अंधुक दिसते. म्हणून सोबत कोणी न्यावे, गाडी चालवू नये. गरज पडल्यास पडद्याचा फोटो किंवा ओसीटी काढतात. त्यात सूज कळते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे.
शुगर निघाली की लगेच आणि नंतर दरवर्षी पडदा तपासा. शुगर असलेल्या गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांतच तपासावा.

उपचार
1) शुगर व बीपी ताब्यात ठेवणे, तंबाखू-बिडी सोडणे.
2) लेसर: गेलेली नजर सहसा परत येत नाही, उरलेली वाचते.
3) सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शन: सुरुवातीला बहुधा दर महिन्याला. एक घेऊन थांबू नये.
4) रक्त साचले किंवा पडदा ओढला गेला तर शस्त्रक्रिया.

त्याच दिवशी दवाखाना गाठा
अचानक विजेसारखी चमक, डोळ्यापुढे काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने काळा पडदा सरकल्यासारखे वाटणे, ही पडदा सुटल्याची लक्षणे असू शकतात. डोळ्याला मार लागलेल्यांनी व जास्त मायनस नंबर असलेल्यांनी विशेष जपावे. झाडपाल्याचा रस, मध डोळ्यात घालू नका.

कुठे जावे?
आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पुढे नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग आहे. रेशनकार्ड व आधार सोबत ठेवा. उपचार महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एवढे करा: भिंतीवरचे कॅलेंडर एक डोळा झाकून वाचा, मग दुसरा. एका डोळ्याने अंधुक किंवा रेषा वाकड्या दिसल्या तर तपासणीला जा. आणि दोन्ही डोळ्यांनी छान दिसले, तरी शुगर असलेल्यांनी वर्षाची तपासणी चुकवू नये. आपल्या आयांनी, बापांनी धम्मग्रंथ शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.