दुसरं तिकीट तुझं आहे

कराड

चि. मनू हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, सहा वर्षांत आम्ही एक रात्रही बाहेर राहिलो नाही. ह्याला घेऊन जायचं तर खर्च दुप्पट, आणि मागायचं कुणाकडे?" फोन ठेवल्यावर बराच वेळ तेच मनात घोळत राहिलं. ह्यांची कमरेखालची ताकद गेली, तेव्हा पहिली पाच-सहा वर्षं मीही हेच म्हणत होते. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घे. "सहलीला जा" म्हणून कुणी एकरकमी पैसे देईल, या आशेवर बसू नकोस. मदत मिळते ती तुकड्यातुकड्यानं: भाड्यात थोडी, साधनात थोडी, करात थोडी. ते तुकडे आपणच जोडायचे असतात. आणि त्यांचं मूळ कागदात असतं.

तुझ्या लेकाचं दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड झालंय, हे चांगलं. पण रेल्वेच्या सवलतीचा नमुना वेगळा असतो, तो सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून भरून, सही-शिक्का घेऊन आणावा लागतो. आमच्याकडे अपंगत्वाच्या टक्केवारीचं प्रमाणपत्र होतं, तेवढ्यावर आम्ही तिकीट खिडकीवर जायचो आणि पूर्ण भाडं भरून यायचो. वेगळा नमुना लागतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्या नमुन्यात एक वाक्य महत्त्वाचं: सोबतीशिवाय ही व्यक्ती प्रवास करू शकत नाही. ते वाक्य आहे ना, एवढं नीट वाचून घे. तुझा लेक चौदा वर्षांचा, म्हणजे त्याचं हे रेल्वेचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालेल. नंतर नवं काढावं लागेल, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. याच कागदावर रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र ऑनलाइन अर्ज करून मिळतं. ते हातात आलं की घरबसल्या सवलतीचं तिकीट काढता येतं.

आता सवलत किती ते ऐक. चालू न शकणाऱ्या, सोबत लागणाऱ्या व्यक्तीला स्लीपर, थ्री एसी आणि चेअर कारच्या मूळ भाड्यात ७५ टक्के सूट आहे. टू एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के. राजधानी-शताब्दीच्या थ्री एसी आणि चेअर कारमध्ये मात्र २५ टक्केच, म्हणून साधी एक्स्प्रेस बरी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बरोबरच्या एका माणसालाही तेवढीच सूट मिळते. दोघांचं मूळ भाडं दोन हजार होत असेल, तर ते पाचशेवर येतं. फक्त तत्काळमध्ये ही सवलत चालत नाही. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, त्याच आठवड्यात तिकीट काढ आणि दिव्यांग कोट्यातून खालचा बर्थ माग.

एसटीतही दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के. तुला तर मार्च २०२३ पासून बाई म्हणूनच अर्धं तिकीट आहे, तेव्हा सोबत्याची सवलत जावईबापूंच्या नावावर घ्यावी. पण एसटीच्या पायऱ्या उंच असतात. चौदा वर्षांच्या मुलाला उचलून चढवायला दोन माणसं लागतात. सवलत आहे म्हणजे सोय आहे, असं धरू नकोस.

साधनाचंही तसंच. तुमची चाकाची खुर्ची घडी होत नाही, म्हणून दरवेळी मोठी गाडी करावी लागते आणि खर्च तिथेच वाढतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेनं स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तुमच्या नगरपालिकेत घडीच्या खुर्चीसाठी लेखी अर्ज दे आणि पोच घे. केंद्राच्या एडिप योजनेतही उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना अशी साधनं मिळतात. शिबिर कधी आहे, ते जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचार. जावईबापू जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असतील तर अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५ हजारांची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाखाची. ती घेतली नसेल तर यंदा घ्या, आणि वाचलेला कर प्रवासाच्या डब्यात टाका.

मिळालेले पैसे वाया कसे जातात, तेही सांगते. एकदा कोकणात आम्ही आगाऊ पैसे भरून तळमजल्याची खोली घेतली. खोली तळमजल्यावरच होती, पण न्हाणीघराला वीतभर उंबरा आणि दार एवढं अरुंद की खुर्ची आत जाईना. दुसऱ्या दिवशी परतलो, भरलेले पैसे गेले. तेव्हापासून मी टेपनं आधी आमच्या खुर्चीची रुंदी मोजते, मग खोलीवाल्याला न्हाणीघराचं दार मोजून फोटो पाठवायला सांगते. जो पाठवत नाही, त्याच्याकडे जायचं नाही.

पहिला प्रवास सोपा ठेव. साताऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट शेगावला जाते, गाडी बदलावी लागत नाही. तिथल्या संस्थानचं भक्तनिवास परवडणारं आहे. आधी फोन करून खालची खोली आणि न्हाणीघराचं विचारून घे. पुढच्या वर्षी समुद्र बघू.

आणि शेवटचं. या सहलीच्या खर्चात एक आकडा तुझ्या झोपेचा धर. बरोबर तुझी नणंद किंवा मी, कुणीतरी असावं, म्हणजे दोन रात्री तरी तुला उठून त्याची कूस बदलावी लागणार नाही. माझ्या भाड्याची काळजी करू नकोस, ते मी बघेन. तू दमलेली आहेस, हे सांगायला तुला संकोच वाटतो. पण रेल्वेच्या नियमात सोबत्याचं तिकीट आहे ते याचसाठी, की सोबतीवाचून त्याचा प्रवास होतच नाही. ती सवलत तुझीही आहे. मागताना मान खाली घालू नकोस.

पत्र मिळालं की आधी रेल्वेचं प्रमाणपत्र काढायला लाग, आणि हातात आलं की सोबतीचं वाक्य आणि तारीख दोन्ही बघ. रविवारी मला फोन कर. सरकारी रुग्णालयात जायच्या दिवशी मी येते.

तुझी,
आत्या