श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण : छत्रोत्सव आणि गावाची स्मृती

गोमंतकात देवदर्शनास येणाऱ्या परगावच्या भाविकाला फातर्पा येथे एक प्रश्न हमखास पडतो. देवी फातर्प्यात विराजमान आहे, मग तिचे नाव ‘कुंकळ्ळीकरीण’ कसे? त्याच गावात श्री शांतादुर्गा फातर्पेकरीण हे दुसरे देवस्थान असल्याने हा गोंधळ अधिकच वाढतो. नावांतील हा फरक केवळ ओळखीच्या सोयीसाठी नाही. त्यामागे स्थलांतराचा, रक्तपाताचा आणि न सोडलेल्या हक्काचा इतिहास आहे. तो इतिहास फाल्गुन शुद्ध पंचमीच्या छत्रोत्सवात दरवर्षी फातर्प्याहून कुंकळ्ळीपर्यंत चालत जातो.

इ. स. १५४३ मध्ये साष्टी प्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. १५६७ साली राशोलच्या किल्लेदाराने त्या प्रांतातील मंदिरे मोठ्या संख्येने पाडली. अनेक गावांनी देव हलविले, अनेकांनी धर्म बदलला. दक्षिणेकडील कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली व वेरोडा ही गावे मात्र सहजासहजी नमली नाहीत. गावकऱ्यांनी सारा देण्यास नकार दिला, पाडलेली देवळे पुन्हा उभारली. सरकारी फौजेने ती पुन्हा जाळली. अशा तापलेल्या वातावरणात जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट पाद्री चर्चसाठी जागा पाहावयास कुंकळ्ळीत आले. त्यांचे प्रमुख रुडॉल्फ अक्वाविवा हे त्याच वर्षी फत्तेपूर सिक्री येथील अकबर बादशहाच्या दरबारातून गोव्यास परतले होते. संतप्त जमावाने त्या पाचही जणांना व त्यांच्यासोबतच्या काही ख्रिस्ती व्यक्तींना ठार केले.

सूडही तितकाच कठोर होता. गावच्या सोळा नायकांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले. ते विश्वासाने गेले आणि तेथेच त्यांची हत्या झाली. एकजण तेवढा नदीत उडी टाकून निसटला. गावकऱ्यांच्या जमिनी जप्त झाल्या, गावकारीचे हक्क हिरावले गेले. याच धामधुमीच्या काळात ग्रामदेवतेला पोर्तुगीज हद्दीबाहेर, जवळच्याच फातर्पा गावी हलविण्यात आले.

या दोन घटनांच्या नोंदींत मोठी तफावत आहे. पाद्र्यांच्या मृत्यूची वार्ता पत्रांतून युरोपात पोहोचली, त्यावर ग्रंथ लिहिले गेले आणि १८९३ साली पोपने त्यांना धन्य घोषित केले. नायकांच्या वाट्याला असे काही आले नाही. त्यांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहण्यास २००३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत त्यांची आठवण गावाने कागदावाचून सांभाळली. ती कशी सांभाळली, हे समजून घ्यावयाचे असेल तर देवीच्या नावाकडे आणि तिच्या छत्रांकडे पाहिले पाहिजे.

प्रथम नावाकडे पाहू. त्याच काळात केळशीची श्री शांतादुर्गा अंत्रुज महालात कवळे येथे आली आणि कालांतराने ‘कवळेकरीण’ म्हणून प्रसिद्ध झाली. नव्या गावाने देवीला आपले नाव दिले, हे स्वाभाविकच होते. कुंकळ्ळीच्या देवीबाबत तसे घडले नाही. ती फातर्प्यास राहिली. पण नावाने कुंकळ्ळीचीच राहिली. घर सुटले तरी घराण्याचे नाव सुटू नये, अशीच ही गोष्ट.

छत्रोत्सवात या नावाला रूप मिळते. शिगम्याच्या दिवसांत देवीची उत्सवमूर्ती पालखीतून फातर्प्याहून कुंकळ्ळीकडे निघते. पालखीबरोबर उंच दांड्याची बारा रंगीत छत्रे असतात. ही बारा छत्रे म्हणजे कुंकळ्ळीचे बारा वांगड, म्हणजेच मूळ गावकरी घराण्यांचे बारा गट. ढोल-ताशांचा घोष, उधळलेला गुलाल आणि त्यावर डोलणारी छत्रे यांनी रस्ता भरून जातो. छत्र हे आपल्याकडे राजचिन्ह मानले जाते. राजाच्या आणि देवाच्याच मस्तकी ते धरतात. ज्या गावातून देवीला जावे लागले, त्या गावात ती छत्राखालीच प्रवेश करते, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. जुन्या काबिजादीत एकेकाळी हिंदूंच्या जाहीर धार्मिक विधींवर बंदी होती, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा प्रवेश केवळ शोभेचा वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यास चकित करते. बारा वांगडांतील सर्व कुटुंबे आज हिंदू नाहीत. काळाच्या ओघात अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला; परंतु वांगड तोच राहिला. म्हणूनच छत्रोत्सवात कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकरीही आपुलकीने सहभागी होतात, आणि सोळा नायकांना हिंदू व ख्रिस्ती दोघेही आपले पूर्वज मानतात. ज्या गावात पाद्र्यांच्या बलिदानाचे चॅपेल आहे, त्याच गावात नायकांचे स्मारकही आहे. दोन्ही स्मृती एकत्र नांदविणे सोपे नाही, आणि तेथे मतभेद नसतीलच असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही पंचमीला देवीच्या स्वागतास उभे राहताना कोण कोणत्या धर्माचा, यापेक्षा कोण कोणत्या वांगडाचा, हा प्रश्न मोठा ठरतो.

गोव्याचा शिगमा म्हटला की हल्ली पणजी-मडगावच्या रस्त्यांवरील चित्ररथांच्या मिरवणुकाच पर्यटकांच्या डोळ्यांसमोर येतात. कार्निव्हलची तऱ्हाही तीच. त्या मिरवणुका देखण्या असतात, कलाकारांना व्यासपीठ मिळते, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या कोणत्याही शहरात भरविता येतात, छत्रोत्सव मात्र फातर्पा ते कुंकळ्ळी या एकाच वाटेवर होऊ शकतो. वाट बदलली तर उत्सवाचा अर्थच उरणार नाही.

कुंकळ्ळी हे मडगावहून कारवारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर असून तेथून फातर्पा काही किलोमीटरवर आहे. छत्रोत्सवास येणाऱ्या भाविकांनी गुलालाचे डाग पडले तरी वाईट वाटणार नाही असे कपडे घालावेत, पालखीपुढे छायाचित्रांसाठी अडथळा करू नये आणि छत्रे धरणाऱ्यांना वाट मोकळी ठेवावी. ज्यांना गर्दी मानवत नाही त्यांनी इतर दिवशी फातर्प्यास शांतपणे दर्शन घ्यावे. पौष महिन्यातील जत्रेलाही येथे मोठा समुदाय लोटतो आणि त्यातही ख्रिस्ती भाविक दिसतात. उत्सव आटोपल्यावर पालखी फातर्प्यास परतते आणि कुंकळ्ळीकर पुढच्या फाल्गुनाच्या तयारीस लागतात.