दगडी गाव आणि त्याची भिंत

घर कशाचे बांधावयाचे, हा प्रश्न जुन्या काळी फारसा पडत नसे. जे पायाखाली सापडे त्याचेच घर होई. कोकणात जांभा दगड मिळे, तेथे जांभ्याची घरे उभी राहिली. दख्खनच्या पठारावर काळा पाषाण विपुल होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर पसरून हे पठार घडले. त्याच थरांतील दगड उकरून लातूर आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यांतील गावे पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. अशा गावाकडे पाहावे कसे, आणि त्याच्या भिंतीतून शिकावे काय, याचा विचार आपण येथे करणार आहोत.

मराठी मुलखात शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. काळ्या रानातून पांढरीकडे येताना प्रथम दिसतात त्या उंच, रुंद आणि जवळजवळ खिडक्या नसलेल्या भिंती. गल्ल्या अरुंद, वळणावळणाच्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे सावलीत राहणाऱ्या असतात. दाराशी ढेलज, आत उघडा चौक, चौकाभोवती ओसरी आणि तिच्यामागे अंधारे माजघर, अशी थोरल्या वाड्याची सर्वसाधारण रचना असते. घर मोजण्याचे माप म्हणजे ‘खण’. दोन खांबांमधील अंतराला हे नाव आहे. छप्पर सपाट असून त्यास धाबे किंवा माळवद म्हणतात. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर, अशी माळवदाची घडण असते.

ही रचना अडाणीपणातून आलेली नव्हती, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. या भागात उन्हाळ्यात तपमान चाळीस अंशांच्या वर जाते. जाड भिंत आणि मातीचे छप्पर दिवसभराचा ताप आत पोहोचू देत नाहीत. उंच आणि खिडक्या नसलेल्या भिंतीमुळे चोरदरोड्यांपासूनही संरक्षण मिळे. रात्री माळवदावर निजावयास मिळे, सुगीत त्यावर धान्य वाळविता येई. एकाच बांधणीने इतक्या गरजा भागत असतील, तर तीच पुढच्या पिढीनेही पत्करावी, हे स्वाभाविक होय.

आता भिंतीच्या आत पाहू. बाहेरून अखंड भासणारी ही भिंत वस्तुतः एक नसून दोन असते. बाहेरच्या अंगास एक थर आणि आतल्या अंगास दुसरा थर रचतात. दोहोंमधील पोकळी लहानमोठे दगड, चिपा आणि चिखल यांनी भरून काढतात. भिंतीची जाडी दोन-तीन फूट, कित्येकदा त्याहूनही अधिक असते. या दोन थरांना एकत्र बांधावयाचे तर मधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालणे आवश्यक असते. जाणता गवंडी तो घालतो. परंतु असा दगड मिळविणे आणि घडविणे खर्चाचे काम आहे. तो गाळला तरी भिंत बाहेरून तशीच दिसते, आणि वर्षानुवर्षे उभीही राहते.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते, आणि गावे गाढ झोपेत होती. भूकंपाची तीव्रता 6.2 होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेने ती मध्यम म्हणावी लागेल. तरीही सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. दख्खनचे पठार स्थिर आहे, असा समज होता. 1967 च्या कोयना भूकंपानेही तो पुरता पुसला गेला नव्हता. तत्कालीन नकाशात किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता.

इतकी हानी कशामुळे झाली? जमीन हादरली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, आणि मधला भराव आत-बाहेर कोसळला. त्यावर माळवदाचे ओझे होते. छप्पर गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती घालीत, त्यामुळे थर वाढत जाई. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे दीड टन धरले, तर अर्धा मीटर जाडीच्या थराचा दहा चौरस मीटर छपरावरील भार साडेसात टन होतो. एका लहानशा खोलीवरचा हा भार आहे. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या, ही गोष्ट विशेष बोलकी आहे.

यावरून दगड आणि चिखल हेच दोषी, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो कितपत योग्य आहे, हे पाहण्यासाठी दूरचे एक उदाहरण घेऊ. चीनच्या सिच्वान प्रांतात मिन नदीच्या वरच्या खोऱ्यात छ्यांग लोकांची डोंगरी गावे आहेत. तेथील ताओपिंग या गावी दगडी घरे परस्परांना लागून उभी असून त्यांच्यामधून उंच दगडी मनोरे वर आले आहेत. घरांखालून पाण्याचे झाकलेले पाट वाहतात. या प्रदेशातील लोक दगड रचून उंच निवास बांधतात, अशी नोंद उत्तरकालीन हान राजवंशाच्या इतिहासग्रंथातही आहे. येथेही सिमेंट वा चुना नसून दगड जोडणारा पदार्थ चिकणमातीच आहे. परंतु भिंत तळाशी रुंद असून वर निमुळती होत जाते, कोपरे काटेकोरपणे साधलेले असतात आणि चपट्या दगडांचे सांधे एकावर एक येऊ दिलेले नसतात. 12 मे 2008 रोजी वेनच्वानचा भूकंप झाला. किल्लारीहून तो कितीतरी पटींनी मोठा होता. ताओपिंगच्या मनोऱ्यांना इजा पोहोचली, पण ते उभे राहिले. त्याच खोऱ्यातील अन्य अनेक वस्त्या मात्र उद्ध्वस्त झाल्या. अर्थात मनोरा आणि राहते घर यांची तुलना काटेकोर नव्हे. तथापि केवळ सामग्रीवरून इमारतीचे भवितव्य ठरत नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

किल्लारीनंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतरत्र उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीकरणाचे उपायही आखले गेले. भिंतीस ठिकठिकाणी आरपार भोक पाडून त्यात लोखंडी सळई व काँक्रीट भरणे, भिंतींच्या माथ्याशी चहूबाजूंनी सलग पट्टा बांधणे आणि माळवदावरील जादा माती उतरविणे, हे त्यांतील प्रमुख होत. जुना गवंडी घालीत असे, त्याच आरपार दगडाचे काम हे काँक्रीट करते.

परंतु भय तर्काने जात नाही. ज्यांनी आपली माणसे दगडांखालून काढली, त्यांना पुन्हा दगडी भिंतीआड निजावयास सांगणे कठीण होते. नव्या गावांत रस्ते सरळ आणि रुंद झाले, घरे सुटी झाली, मात्र ओसरी-चौकाची रचना आणि गल्लीतील निकटता मागे राहिली. घरांच्या पुढे-मागे लोकांनी पत्र्याच्या खोल्या उभारल्या. अंगावर पडल्यास जीव घेणार नाही, हा पत्र्याचा गुण उन्हाळ्यातील तापापेक्षा त्यांना मोलाचा वाटला.

यास्तव जुने दगडी गाव पाहावयास जाणाऱ्याने केवळ त्याच्या सौंदर्यावर भुलू नये, किंवा ते मागासलेले म्हणून दूरही सारू नये. पडक्या भिंतीचा उघडा छेद दिसला तर तेथे थांबावे. दोन थरांना बांधणारा दगड आहे का, कोपऱ्यातील दगड परस्परांत गुंतले आहेत का, छपरावर माती किती आहे, हे पाहावे. ज्या घरांत माणसे आजही राहत आहेत, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न इतिहासाचा नसून उद्याच्या पहाटेचा आहे. तेथे दोष आढळल्यास तो दुरुस्त करता येतो, आणि त्यासाठी लागणारा दगड बहुधा त्याच गावाच्या शिवारात असतो.