संकेतस्थळावरील अडत

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव कापसाच्या व्यापारावर वाढले. तेथे अडत म्हणजे काय हे कोणास समजावून द्यावे लागत नाही. माल एकाचा, खरेदी दुसऱ्याची आणि सौदा जुळविणाऱ्यास ठरलेला हिस्सा. दुकानाच्या संकेतस्थळासही याच रीतीने जोडउत्पन्न मिळू शकते. अमेरिकेतील ॲमेझॉन या पुस्तकविक्रेत्या कंपनीने १९९६ साली ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ केली.

अन्य विक्रेत्याच्या वस्तूचा दुवा आपल्या संकेतस्थळावर ठेवावयाचा. त्या दुव्यात दुकानदाराचा सांकेतिक क्रमांक गुंफलेला असतो. त्यावरून जाऊन खरेदी झाली तरच दलाली जमा होते. माल परत गेल्यास दलालीही जाते. शेती-अवजारांच्या दुकानदाराने मशागतीवरील पुस्तकाचा दुवा अवश्य द्यावा. परंतु स्वतः विकत असलेल्या फवारणी पंपाचा देणे म्हणजे घरचे गिऱ्हाईक परक्या पेढीवर पोचविणे होय.

बाजारात अडत हिशेबपट्टीवर दिसते. संकेतस्थळावर मात्र शिफारस पारखून केली की पैशासाठी, हे वाचकास उमगत नाही. म्हणूनच ९ जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी असलेला असा आर्थिक संबंध उघड करणे बंधनकारक केले आहे. दुव्याशेजारी ‘या खरेदीवर आम्हांस दलाली मिळते’ एवढी ओळ ठळकपणे छापावी.